तव्यावरचे चिकन: पाककृतीत जाडीही छापा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवण्यांत ‘वीस मिनिटांत तव्यावरचे चिकन, त्याच तव्यात सॉस’ अशा पाककृती हल्ली वरचेवर येतात. फोटोत चिकन खरपूस असते. घरी मात्र पांढरट, पाणी सुटलेले आणि चिवट होते. ‘बोनलेस चिकन दोन्ही बाजूंनी पाच-पाच मिनिटे भाजा’ एवढेच छापल्यावर दुसरे काय होणार? मिनिटे जाडीवर ठरतात आणि नेमकी जाडीच दिलेली नसते. ब्रॉयलरच्या छातीचा तुकडा एका टोकाला तीन-चार सेंटिमीटर जाड, तर दुसऱ्या टोकाला जेमतेम एक. जाड भाग शिजेपर्यंत शेपटाकडचा वाळून जातो. म्हणून सुरी आडवी धरून एकाचे दोन-तीन पातळ काप करावेत, सव्वा सेंटिमीटरचे. अर्धा किलोत साधारण चार-पाच काप होतात.

आपल्याकडे कोंबडी डोळ्यांदेखत कापून घ्यायची रीत आहे. रश्शाला ते ठीक, कारण तिथे शिजायला वेळ मिळतो. तव्यावर मात्र तासाभरापूर्वी कापलेल्या कोंबडीची छाती ताठ होते. ती हाडासकट आणून चार-पाच तास फ्रिजमध्ये ठेवावी आणि मग हाड काढावे. गावठी कोंबडी या कामाची नाही.

काप फडक्याने अगदी कोरडे टिपावेत आणि अर्धा किलोला सपाट चमचाभर मीठ लावावे. ओल राहिली की तव्याची सगळी उष्णता पाण्याची वाफ करण्यात जाते आणि मांस उकडते. तवा बिडाचा किंवा जाड लोखंडी, कडा असलेला हवा. नॉनस्टिकला खाली काही धरत नाही, आणि सॉसची चव तर त्या धरलेल्या खरवडीतच असते! तवा चांगला तापल्यावर दोन टेबलस्पून तेल घालून एका वेळी दोनच काप सोडावेत. गर्दी केली की पाणी सुटलेच. चार मिनिटे हात लावू नये. काप तव्याला चिकटून बसला असेल, तर तो अजून व्हायचा आहे. खालून रंग धरला की आपोआप सुटतो. उलटून आणखी तीन मिनिटे. थर्मामीटर असेल तर मधोमध ७४ अंश सेल्सिअस दिसायला हवे. नसेल तर सर्वांत जाड काप चिरून पाहावा, आत गुलाबी काही नको. ताटलीत काढून पाच मिनिटे ठेवावेत.

सगळ्यात जास्त घोटाळा मसाल्याचा होतो. कांदा-लसूण मसाला आधीच चोळला तर मांसाला रंग यायच्या आत तो करपतो आणि पुढे सॉसही कडू होतो. त्याची जागा सॉसमध्ये आहे. तव्यात चमचाभर तेल ठेवून बाकीचे काढावे. एक लहान कांदा बारीक चिरून मंद आचेवर दोन मिनिटे परतावा, मग चार पाकळ्या लसूण, आणि गॅस बंद करून अर्धा चमचा मसाला. तो तेलात फुलला की लगेच दीडशे मिली गरम पाणी घालून गॅस पुन्हा लावावा आणि लाकडी उलथण्याने तळ खरवडावा. पाण्याला बघता बघता तपकिरी रंग चढतो. खरवड काळी झाली असेल तर मात्र तवा धुऊन घ्यावा, ती चव कशानेही लपत नाही.

याच वेळी टेबलस्पूनभर बेदाणे घालावेत, कोमट पाण्यातून काढलेले. तासगावचा बेदाणा दारात असताना सॉससाठी बाजारातून साखर घातलेल्या बाटल्या आणायचे कारण मला तरी कळत नाही. पाणी आटून निम्मे झाले की गॅस बंद करावा. चमचाभर लिंबाचा रस, ताटलीत जमलेला चिकनचा रस आणि वीस ग्रॅम थंड लोणी घालून तवा गोल हलवावा. लोणी उकळत्या सॉसमध्ये पडले तर फुटते आणि वर तेलाचा तवंग येतो. लिंबूही शेवटीच, कारण आंबट पदार्थ लोखंडात उकळत ठेवला की त्याला लोखंडी चव येते. मिठाची चव सर्वांत शेवटी पाहावी. आटताना खारटपणा वाढतो, शिवाय विकतच्या मसाल्यात मीठ असतेच. सॉस थांबत नाही, भाकरी आधी भाजून ठेवावी.

तेव्हा पाककृती छापताना तुकड्याची जाडी सेंटिमीटरमध्ये, मांसाचे वजन ग्रॅममध्ये आणि तवा कशाचा हे तीन तपशील द्यावेत, ही विनंती. जागा फार तर एक ओळ लागेल. फोटो तेवढा लहान केला तरी चालेल.

— एक वाचक, विश्रामबाग, सांगली