चाकातला च, चिमणीतला च

संपादक महोदय,

आयुष्यभर मुद्रितशोधनाचं काम केलं, त्यामुळे निवृत्तीनंतर हौसेने चिनी शिकायला घेतलं तरी डोळा पहिल्यांदा गेला तो लेखनाकडेच. आठ महिने झाले. रोज पाच शब्द पाठ करतो, त्यातले तीन दुसऱ्या दिवशी विसरतो. पण आपल्या पानावरच्या चिनी नावांशी मात्र माझं रोज भांडण होतं.

चीनने १९५८ साली स्वीकारलेलं 'पिनयिन', म्हणजे चिनी उच्चार लिहिण्याचं लेखन, रोमन अक्षरांत असलं, तरी इंग्रजीसारखं वाचायचं नसतं. मँडरिनमध्ये, म्हणजे प्रमाण चिनीत, आपले ब, द, ग नाहीतच. बी, डी, जी ही अक्षरं प, त, क यांच्यासाठी आणि पी, टी, के ही फ, थ, ख यांच्यासाठी. म्हणजे अल्पप्राण आणि महाप्राण! 'बीजिंग'चा उच्चार 'पेइचिंग'च्या जवळ जातो आणि 'जिनपिंग'चा 'चिनफिंग'च्या (फ फळातला, फॅनमधला नव्हे). जुन्या छपाईतलं 'पेकिंग' निदान पहिल्या अक्षरापुरतं तरी बरं होतं.

निरोपाचा शब्द 'चाय-च्येन', म्हणजे पुन्हा भेटू. यातला पहिला च चाकातला, दुसरा चिमणीतला. हे दोन्ही च मराठी माणसाला आयते मिळालेले आहेत, आणि तरी रोमन अक्षरं बघून मी पहिला महिनाभर 'झाइजियान' म्हणत होतो! श आणि ष यांचा फरकही तिथे जिवंत आहे. 'आभार'चा 'श्येश्ये' श-ने, 'पुस्तक'चा 'षू' ष-ने. प्रुफांत हजारो वेळा ष दुरुस्त केला, उच्चारला मात्र आत्ता.

शब्दही फार परके वाटत नाहीत. आगगाडीला 'हुओछ': हुओ म्हणजे आग, छ म्हणजे गाडी. संगणक म्हणजे 'विजेचा मेंदू'.

खरी दमछाक सुरांची. 'माई' खाली दबवून म्हटलं तर विकत घेणं, वरून झटक्यात खाली आणलं तर विकणं. "मी पुस्तकं विकत घेतो" असं वर्गात मोठ्या ऐटीत सांगितलं, तर बाईंनी विचारलं, "दुकान कुठे आहे तुमचं?" अर्थात 'विकणे' आणि 'विकत घेणे' हा घोळ आपणही घालून ठेवलेलाच आहे.

रूढ झालेलं 'जिनपिंग' उद्यापासून बदला, असा हट्ट नाही. पण नवी गावं, नवी माणसं बातमीत येतात, तेव्हा त्यांची नावं इंग्रजी स्पेलिंगवरून का उतरवायची? पिनयिनमधल्या अक्षरांसमोर देवनागरी अक्षरं मांडलेला एक तक्ता उपसंपादकांच्या टेबलावर असला तरी पुरे. पानभराचंच काम आहे. सूर त्यात दाखवता येणार नाहीत, पण च, छ, फ, ष तरी जागेवर पडतील. तक्ता मी करून पाठवतो. प्रुफं मात्र दुसऱ्या कुणाकडून तरी तपासून घ्या.

– एक निवृत्त मुद्रितशोधक