आम्ही पाण्याखाली राहत नाही, मंत्रीमहोदय

माननीय मंत्रीमहोदय,
(धरणं, कालवे आणि धरणग्रस्त ज्यांच्या अखत्यारीत येतात त्यांना)

सादर नमस्कार.

हिवाळी अधिवेशनासाठी आपण बेळगावात आहात, म्हणून हे पत्र आत्ताच लिहितो. अधिवेशन संपलं की आपण बेंगळूरला जाल आणि आमचा जिल्हा पुढच्या डिसेंबरपर्यंत पुन्हा लांबचा होईल.

गेल्या आठवड्यात एका सरकारी कार्यालयातून आमच्या अर्जाला उत्तर आलं. हिडकल जलाशयात आमची वाडी एका टेकडीवर आहे. पाणी चढलं की टेकडीचं बेट होतं. तिथं छोटा पूल बांधा, तो होईपर्यंत इंजिनाची एक नाव द्या, एवढीच आमची मागणी होती. एका पुढाऱ्यानं निवडणुकीच्या आधी वाडीतल्या देवळासमोर उभं राहून नावेचा शब्द दिला होता आणि आम्ही त्याच्या गळ्यात हार घातला होता. उत्तरात लिहिलंय की सदर सर्व्हे नंबर पूर्णपणे बुडीत क्षेत्रात असून तिथं मानवी वस्ती नाही, सबब मागणी निकाली काढण्यात येत आहे. सही आहे, शिक्का आहे, जावक क्रमांक आहे.

मंत्रीमहोदय, त्या सर्व्हे नंबरात चाळीसेक घरं आहेत. मारुतीचं देऊळ आहे, गोठे आहेत, दोन पिठाच्या गिरण्या होत्या, त्यातली एक इंजिनावर अजून चालते. पाण्याखाली पीठ दळता येत नाही.

आपल्या खात्यातल्या अधिकाऱ्यांना नकाशा वाचता येत असेल, तरी सांगतो. घटप्रभा पश्चिम घाटातून उतरते आणि चंदगडकडून आपल्या जिल्ह्यात येते. हिडकलजवळ डोंगर जवळ येतात, तिथं नदी अडवली. 1977 साली धरण पूर्ण झालं, वंटमुरीच्या राजा लखमगौडांचं नाव त्याला दिलं. दहा दरवाजे, 51 टीएमसी (म्हणजे 51 अब्ज घनफूट) पाणी, पूर्ण पातळी 2175 फूट. या 2175 फुटांच्या खाली जे होतं ते गेलं. हुन्नूरचं विठ्ठल मंदिर गेलं, ते उन्हाळ्यात पाणी ओसरलं की वर येतं आणि लोक गाड्या घेऊन फोटो काढायला येतात. आमच्या वडलांची नदीकाठची मळीची जमीन गेली, ऊस आणि भुईमूग देणारी. 2175 च्या वर जे होतं ते राहिलं. आमच्या टेकडीचा माथा वर राहिला. वडलांनी जुन्या घराच्या तुळया, दारं, उंबरा सुद्धा बैलगाडीत घालून माथ्यावर नेला आणि तिथं घर उभं केलं. खालच्या जमिनीची भरपाई घेतली, वरची जमीन कुणी मागितली नाही, कुणी घेतली नाही. तिचा शेतसारा आम्ही भरत आलो, पावत्या पत्र्याच्या पेटीत आहेत. पुढं हातानं लिहिलेले उतारे कॉम्प्युटरवर चढवले गेले, तेव्हा कुणीतरी अख्ख्या नंबरापुढं बुडीत लिहून टाकलं. धरणाला जे बुडवता आलं नाही ते एका कारकुनानं बुडवलं.

वर्षभर आम्ही कसे जगतो ते या कागदामुळं आपल्याला कधी कळणार नाही, म्हणून लिहितो. मृग लागला की चंदगडकडं पाऊस कोसळतो आणि आमच्याकडं आकाश नुसतं भरलेलं असतानाच पाणी चढायला लागतं. टेकडी आणि काठ यांच्या मधली सखल पट्टी, तिला आम्ही खिंड म्हणतो, ती आषाढात जाते. श्रावणापासून चारी बाजूंनी पाणी. पश्चिमेचा वारा सुटला की लाटा टेकडीच्या कडेला धडका देतात आणि दरवर्षी हातभर, कधी वाव-वावभर मुरूम सुटून खाली जातो. पाणी वर-खाली होतं त्या पट्ट्यात गवताची काडी उगवत नाही. माझ्या लहानपणी देवळामागं पिंपळ होता आणि पिंपळाच्या पलीकडं खळं होतं. आज खळं नाही आणि पिंपळाची मुळं हवेत आहेत. आमचं बेट झिजतंय. दहा-वीस वर्षांनी तुमचा कागद खरा ठरेलही, पण तोवर आम्हाला जगायचं आहे.

पाणी असतं तोवर नाव तरी चालते. सगळ्यात वाईट दिवस पाणी उतरताना येतात. कालवे सुटतात, पातळी खाली जाते आणि खिंडीत नाव टेकायला लागते. खाली मांडीएवढा गाळ. नाव चालत नाही, माणूस चालला तर रुततो. म्हैस रुतली तर दोराला बांधून ओढावी लागते. शाळेची परीक्षा नेमकी याच दिवसांत असते. माझी मुलगी दहावीला चांगल्या मार्कांनी पास झाली, पुढं कॉलेजला एक वर्ष कसंबसं गेली आणि सोडलं. तिची चूक नाही, माझीही नाही. दुधाच्या किटल्या घेऊन काठावर पोचायला उशीर झाला की डेअरीची गाडी निघून गेलेली असते. दूध परत आणायचं, खवा आटवायचा. वाडीतल्या तरुण मुलांना कुणी मुलगी देत नाही. पाहुणे काठापर्यंत येतात, पाणी बघतात आणि तिथूनच चहा पिऊन परत जातात. चैत्रात खिंड वाळते तेव्हा दोन महिने आम्ही तुमच्यासारखी माणसं असतो. उघडी पडलेली गाळपेर जमीन कसतो, लग्नं उरकतो, सिमेंटची पोती, गॅसची सिलिंडर, औषधं, जे न्यायचं ते सगळं नेऊन ठेवतो.

भाद्रपदात आई अंगणात पाय घसरून पडली. खुबा मोडला. बाहेर पाऊस आणि वारा, लाकडी नाव पलीकडच्या काठाला बांधलेली. 108 ला फोन केला, गाडी काठावर येऊन थांबली, तिचे दिवे आम्हाला दिसत होते. शेवटी गुऱ्हाळातली काहील आणली. आपण मोठ्या हुद्द्यावर आहात, काहिलीतून कधी गेला नसाल. गूळ आटवायची ती पसरट लोखंडी कढई, तिला पुढं टोक नसतं, त्यामुळं ती सरळ जात नाही, गरगर फिरते. आईला गोधडीत गुंडाळून मध्ये झोपवलं. माझा भाऊ आणि दोन पोरं कडेला धरून पोहत काहील ढकलत होती, मी आत बसून पाणी उपसत होतो. आई ओरडत नव्हती, तिनं पदर दातात धरला होता. अठ्ठ्याहत्तर वर्षांची बाई. धरण झालं तेव्हा ती डोक्यावरून पाट्याचा दगड घेऊन टेकडी चढली होती.

दवाखान्यात सरकारी योजनेसाठी रहिवासाचा कागद मागितला. तो कुठून आणायचा? सीमाभागातल्या 865 गावांना महाराष्ट्र सरकारनंही 2023 साली आरोग्य योजना लागू केली, त्यावर इकडच्या सरकारनं केवढा गदारोळ केला ते आठवत असेल. दोन राज्यं आमच्या आरोग्यावरून भांडली आणि माझ्या आईच्या खुब्याचं बिल मी दोन म्हशी विकून भरलं. आई आता उठत नाही. वेळेत आणलं असतं तर चालती झाली असती, असं डॉक्टर म्हणाले. हे वाक्य रोज रात्री माझ्या कानात वाजतं आणि त्याचं उत्तर तुमच्या कागदात नाही.

आता पाण्याचं बोलतो. 51 टीएमसी म्हणजे जवळपास 1 लाख 44 हजार कोटी लिटर. एवढ्या पाण्याच्या मधोमध आम्ही राहतो आणि आमच्या बायका घागरी घेऊन गाळातून उतरतात. उपसा मोटर बसवायला परवानगी मागितली तर तीही नाही, कारण बुडीत क्षेत्रात शेती नसते. कुणीतरी चोरून मोटर लावली तर ती काढून नेली. हेच पाणी बेळगाव शहर पितं, आमची त्याला हरकत नाही, तहानेला पाणी द्यावं. कालव्यानं गोकाक, मुधोळपर्यंत ऊस पिकतो, पिकू दे, तीही शेतकऱ्याची पोरं आहेत. पण धारवाडच्या औद्योगिक वसाहतीकडं पाइपलाइन न्यायला सरकारला लगेच वाट सापडते. शंभर कोटी, दोनशे कोटी, तीनशे कोटी, जो भेटतो तो वेगळा आकडा सांगतो, मला काय ठाऊक? एका नावेला किती लागतात तेवढं मात्र मला ठाऊक आहे. पाइपलाइनवर जेवढे अभियंते सह्या करतील त्यांच्या एका महिन्याच्या पगारात ती येते.

पैसे नाहीत असं सांगू नका. आपल्याच राज्यात शरावतीवर 1964 साली लिंगनमक्की धरण झालं आणि तुमरीकडची माणसं पाण्यानं तोडली गेली. साठ वर्षं ती लाँचच्या रांगेत उभी राहिली. 14 जुलै 2025 ला सिगंदूरचा पूल झाला, 2.44 किलोमीटर, खर्च सुमारे पावणेपाचशे कोटी. ती बातमी मी मोबाईलवर पुन्हा पुन्हा पाहिली आणि मला मनापासून आनंद झाला, त्या माणसांनी काय भोगलं ते मला न सांगता कळतं. आम्हाला दोन किलोमीटरचा पूल नको. आमची खिंड एका दमात पोहून जाण्याएवढी आहे. आसामात ब्रह्मपुत्रेतल्या माजुलीला 2016 साली स्वतंत्र जिल्हा केलं. मणिपूरच्या लोकटाक सरोवरात 1983 साली इथाईच्या बंधाऱ्यानं पाणी वर्षभर वरच धरून ठेवलं, काठची भातशेती बुडाली, त्या लोकांचा झगडा अजून चालू आहे, पण ती माणसं तिथं राहतात हे तरी सरकारला मान्य आहे. लांब कशाला, आमच्याच घटप्रभेवर खाली धुपदाळच्या बंधाऱ्यामागं नदीतली बेटं पक्ष्यांसाठी अभयारण्य म्हणून राखली आहेत. हिवाळ्यात परदेशातून करकोचे येतात, त्यांची मोजणी होते, नोंद होते. चांगलं काम आहे. आमची मोजणी कुणी करायची?

नावेचा आग्रह आम्ही हौसेनं धरत नाही. 21 मे 2024 ला उजनीच्या पाण्यात कुगाव-कळाशीच्या मध्ये वाऱ्यानं बोट उलटली आणि सहा माणसं गेली, त्यांत लहान मुलं होती. उजनीवर त्या दिवशी निदान बोट तरी होती. आमच्याकडं काहील आहे. माणसं मेली की मदत जाहीर करायला तुम्ही सगळे येता, मग पुलाचं भूमिपूजनही होतं. आमच्यातल्या कुणी आधी मरायचं ते तेवढं सांगा.

आणि ही गोष्ट आमच्या एका टेकडीची नाही. इथं सगळं कागदावर ठरतं आणि कागद माणसाला न विचारता लिहिला जातो. 1 नोव्हेंबर 1956 ला एका कागदानं आम्ही या राज्यात आलो. 1967 ला सीमावादावरच्या महाजन आयोगाचा कागद आला. 2004 पासून महाराष्ट्राचा दावा सुप्रीम कोर्टात आहे, त्याचे कागद किती गाड्या भरतील देव जाणे. दर निवडणुकीला दोन्हीकडचे पुढारी सीमेवर येऊन छाती बडवतात. इंचभर जमीन देणार नाही म्हणून इकडचे गर्जतात, इंच न् इंच घेऊ म्हणून तिकडचे. आमच्या जमिनीचा इंच न् इंच कॉम्प्युटरमध्ये पाण्याखाली आहे, तो आधी बाहेर काढा, मग कुणाचा ते ठरवा. बेळगाववर हक्क दाखवायला तुम्ही हलग्याला एवढं मोठं विधानसौध, म्हणजे विधानभवन, बांधलं, 2012 ला राष्ट्रपतींच्या हस्ते उद्घाटन केलं, वर्षातले दहा-बारा दिवस तिथं दिवे लागतात. त्या दिव्यांच्या बिलात आमची वाडी वर्षभर उजळेल. आमच्या घरांत आजही सोलरचा एकेक दिवा आहे, तोही एका लग्नाच्या आहेरात मिळालेला. आम्ही मराठी बोलतो म्हणून आमचं ऐकत नाही म्हणावं, तर पलीकडच्या काठावरच्या कन्नड बोलणाऱ्या धरणग्रस्तांचीही भरपाईची प्रकरणं वर्षानुवर्षं पडून आहेत. ते आणि आम्ही एकाच बाकावर बसून वाट पाहिली आहे, एकमेकांची भाकरी खाल्ली आहे. दैन्य वाटताना सरकारनं भाषा बघितलेली नाही.

गाऱ्हाणं देशात किंवा राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत मांडायचा अधिकार राज्यघटनेच्या कलम 350 नं दिला आहे, म्हणून मी मराठीत लिहिलं. उत्तर कन्नडमध्ये आलं तरी वाचीन.

मागणं थोडं आहे. अधिवेशन संपायच्या आत मोजणीदार पाठवा. त्यानं 2175 फुटांची रेषा टेकडीवर आखावी आणि रेषेच्या वर किती घरं आहेत ते मोजून सहीनिशी लिहावं. तो कागद झाला की उतारा दुरुस्त होईल, रहिवासाचा दाखला मिळेल, विजेचा खांब मागता येईल, उपशाचा अर्ज करता येईल. येत्या पावसाच्या आधी इंजिनाची एक नाव आणि दहा-बारा लाइफ जॅकेट द्या. पुलाचा अंदाजपत्रकात नुसता उल्लेख झाला तरी आम्ही थांबू, थांबायची आम्हाला सवय आहे. आणि वस्ती नाही असं ज्यांनी लिहिलं, ते कुठं उभं राहून लिहिलं, हे त्यांना विचारा.

वाडीचं नाव आणि सर्व्हे नंबर इथं मुद्दाम लिहिला नाही, कारण नाव छापून आलं की वाडीतल्या गरीब माणसाचं एखादं पेन्शन अडतं, हे आम्ही पाहिलं आहे. ते आपल्याकडं रजिस्टर पोस्टानं पाठवलेल्या अर्जात आहे.

कळावे,
हिडकल जलाशयातल्या एका टेकडीवरचा धरणग्रस्त शेतकरी,
तालुका हुक्केरी, जिल्हा बेळगाव

ता. क. मोजणीदार चैत्र-वैशाखात पाठवू नका. तेव्हा खिंड वाळलेली असते, तो मोटारसायकलवरून येईल आणि परत जाऊन लिहील की वस्तीला जमिनीवरून रस्ता आहे, नावेची गरज नाही. आत्ताच पाठवा. काठावर आमची नाव उभी असेल.