आई, ती कात्री लपवून ठेव

ती. आई-बाबा,
सा. न.

बाबा, परवा पायाचा फोटो पाठवलात, मोज्याचा वळ उमटलेला, आणि खाली लिहिलंत, 'तळजाईला जरा जास्त चाललो बहुतेक.' सहकारनगरातून तळजाईच्या टेकडीवर तुम्ही वीस वर्षं जाताय. पाय कधी सुजले नव्हते. म्हणून तर व्हिडिओ कॉलवर गोळ्यांचा डबा दाखवायला लावला.

डबा पाहून हसू आलं आणि धडकीही भरली. चकलीच्या साच्याच्या चकत्या ठेवायचा तो डबा, आणि त्यात कात्रीने कापलेले एकेका गोळीचे चौकोन! कशावर अर्धं नाव, कशावर तेही नाही, एक्सपायरीची तारीख तर केव्हाच कचऱ्यात गेलेली. सगळे चौकोन जुळवायला आपल्याला पाऊण तास लागला.

निघालं ते असं. तुमची बीपीची जुनी गोळी अ‍ॅम्लोडिपिन ५ ची. तीन आठवड्यांपूर्वी डॉक्टरांनी नवी दिली, तिच्यात टेल्मिसार्टन ४० आणि अ‍ॅम्लोडिपिन ५ दोन्ही एकत्र. चिठ्ठीवर 'जुनी बंद' असं लिहिलंय, पण नेमकं घडीवर आलंय. नाव वेगळं, रंग वेगळा, म्हणून तुम्ही दोन्ही घेत राहिलात. म्हणजे रोज १० मिलिग्रॅम अ‍ॅम्लोडिपिन. तेवढा डोस डॉक्टर देतातही, पण ठरवून, लक्ष ठेवून. आणि घोट्यापाशी सूज हा या औषधाचा ओळखीचा त्रास, डोस वाढला की तोही वाढतो. रात्री उठल्यावर बेसिन धरून उभं राहावं लागतं, हे फक्त आईला सांगितलंत. मला का नाही?

डॉक्टरांशी बोलणं झालं ते बरं झालं. जुन्या गोळीचं जादा औषध अंगातून निघून जायला आठवडा-दहा दिवस लागतात, तेव्हा रोज सकाळी टेप घेऊन घोटे मोजू नका. (मोजताय, मला माहीत आहे.) रात्री उठताना आधी पलंगावर दोन मिनिटं बसा. आणि सुजेवर चिडून नवी गोळी मात्र बंद करू नका. बीपीच्या मशीनवर १२२ आलं म्हणून सुट्टीही नको, ते १२२ त्या गोळीमुळेच आलंय. विसरलात तर त्याच दिवशी आठवेल तेव्हा घ्या. दुसऱ्या दिवशी आठवलं तर दोन घ्यायच्या नाहीत, नेहमीची एकच.

यापुढे पट्टी अख्खी ठेवायची. नवी पट्टी आली की आधी आतल्या औषधाचं नाव वाचायचं, कंपनीने ठेवलेलं नाव नंतर. तेच औषध आधीच्या पट्टीवरही दिसलं तर फोन करायचा, डॉक्टरांना नाहीतर मला.

आई, आता तुझा नंबर. तुझ्या गुडघ्याची डायक्लोफेनॅक बाबांच्या कंबरेला देत जाऊ नकोस. तिने बीपी वाढतं, आणि टेल्मिसार्टनच्या जोडीला किडनीवर ताण पडतो. भिशीतल्या मैत्रिणीने सुचवलेलं ते कमी सोडियमचं मीठही परत कर. त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम घातलेलं असतं, आणि टेल्मिसार्टनने रक्तातलं पोटॅशियम तसंही वाढू शकतं. साधंच मीठ घाल, हात आखडून. बाबांना जुलाब-उलट्या झाल्या तर त्या दिवशी गोळी द्यायची का, हे डॉक्टरांना विचार, स्वतः ठरवू नकोस. आणि संकष्टीला पाण्याबरोबर गोळी घेतली तर उपास मोडत नाही गं, बाप्पा एवढा कडक नाही.

बीपी मोजायचं तेही टेकडीवरून आल्या आल्या, सदऱ्याच्या बाहीवरून पट्टा गुंडाळून, राजकारणावर बोलत बोलत नाही. चहाआधी, पाठ टेकून, पाय जमिनीवर, हात छातीच्या उंचीला, आणि त्याआधी पाच मिनिटं गप्प. शेवटचं बाबांना जड जाणार, पण जमवा. मिनिटाभराच्या अंतराने दोनदा मोजून दोन्ही आकडे वहीत लिहा, चांगला तेवढाच नाही.

चिठ्ठी फ्रिजवर लाव आई, घडी उलगडून. मी शनिवारी पहाटे बंगळूरहून पोचते. काय आणू ते तूच कळव, बाबांची यादी लोणच्यापासून सुरू होते.

तुमची,
मनू