दोहाच्या इमारती पाहताना: मुलीस पत्र

चि. सायलीस,
अनेक आशीर्वाद.

फसाडच्या, म्हणजे इमारतीच्या बाहेरच्या आवरणाच्या, कामावर दोहाला रुजू होते आहेस, तर पहिल्या सुट्टीला वेस्ट बेमधल्या बुर्ज दोहाभोवती एक पूर्ण फेरी मार. फ्रेंच वास्तुकार ज्याँ नुव्हेलचा हा 238 मीटर उंच मनोरा 2012 मध्ये पूर्ण झाला. काचेबाहेर ॲल्युमिनियमच्या मश्रबिया जाळीचे (अरबी घरांच्या खिडक्यांना असते तशा नक्षीदार जाळीचे) चार थर आहेत, पण दाटपणा सगळीकडे सारखा नाही: उत्तरेला साधारण 25 टक्के, दक्षिणेला 40, पूर्व-पश्चिमेला 60. दोहा 25 अंश अक्षांशावर, म्हणून जूनमध्ये माध्यान्हीचा सूर्य 88 अंशांवर, जवळजवळ डोक्यावर. दक्षिणेच्या भिंतीला तेव्हा छोटा छज्जाही पुरतो. सकाळ-संध्याकाळचं तिरपं ऊन मात्र छज्जाखालून थेट आत येतं. त्याला उभी जाळीच हवी. शेजारी चारही अंगांना एकच काच लावलेल्या इमारती दिसतील. नुसत्या एसीच्या जिवावर उभ्या असलेल्या त्या इमारतींना मी आधुनिक म्हणणार नाही. मुशैरिबही पाहा. दोहातलाच 31 हेक्टरचा नवा भाग, पण गल्ल्या जुन्या वस्तीसारख्या अरुंद, एका इमारतीची सावली दुसरीवर पडेल अशा.

राष्ट्रीय संग्रहालयाच्या (2019) 539 तबकड्या एकमेकींत घुसलेल्या पाहशील, तेव्हा आकाराइतकंच सांध्यांकडे लक्ष दे. तुझं काम तिथेच आहे.

हिशोब असा. जानेवारीच्या पहाटेपासून जुलैच्या उन्हापर्यंत गडद ॲल्युमिनियमच्या तापमानात 65 अंशांचा फरक धर. 3 मीटरची पट्टी त्यात साधारण 4.7 मिलिमीटर वाढते. काँक्रीट त्याच्या निम्म्याहून कमी. म्हणून एक टोक पक्कं, दुसरं लांबट भोकात सरकतं ठेवतात. घाईत कुणी तो सरकता बोल्ट करकचून आवळला की पट्टी वाकते, रात्री थंड होताना कडकड आवाज येतो आणि सांधा फाटतो.

आता 12 मिलिमीटरचा सांधा आणि त्यात भरायला, रुंदीच्या 25 टक्के हालचाल सोसणारं सीलंट (रबरासारखं लवचीक भरण) घे. म्हणजे 3 मिलिमीटरची सोय. मधल्या तापमानाला भरलंस तर दोन्हीकडे सुमारे 2.35 मिलिमीटर हालचाल, चालून जातं. भर दुपारी, पट्टी पूर्ण फुगलेली असताना भरलंस तर हिवाळ्यात सगळा 4.7 चा ताण एकाच दिशेला, आणि सीलंट कडेने सुटतं. दोष मालाचा नसतो, वेळेचा असतो. सीलंटची जाडी सांध्याच्या रुंदीच्या निम्मी ठेव. मागे बॅकर रॉड (फोमची गोल दोरी) हवाच, नाहीतर सीलंट तळालाही चिकटतं आणि ताणलं की फाटतं. धूळ पुसताना दोन फडकी: एक सॉल्व्हंटचं, लगेच मागून एक कोरडं. पुसून ठेवून जेवायला गेलात तर परत पुसा. पहाटेचं दवही वाळू दे. सीलंट मुरलं की थोडा तुकडा कापून ओढून पाहा. आतून फाटला तर ठीक, पृष्ठभागावरून सोलून आला तर ते काम पुन्हा करायचं.

वाफरोधक थराबद्दल जपून राहा. थंड देशांच्या पुस्तकांत तो इन्सुलेशनच्या आतल्या बाजूला दाखवतात, कारण तिकडे उबदार, दमट हवा घरात असते. दोहात ऑगस्टची दमट हवा बाहेर आणि आत 23 अंश. थर बाहेरच्या बाजूला हवा. उलटा लावला तर बाहेरची वाफ भिंतीत शिरून थंड थरावर पाणी होते आणि महिन्यांनी आत बुरशी दिसते. पावसाळ्यात मुंबईच्या एसी ऑफिसांच्या काचा बाहेरून का घामेजतात, ते आठव.

कामाचं वेळापत्रक लिहिताना हे पक्कं ध्यानात ठेव: 1 जून ते 15 सप्टेंबर, सकाळी 10 ते दुपारी 3:30 उघड्यावर काम करायला कायद्याने बंदी आहे. शिवाय वेट बल्ब ग्लोब तापमान (उष्णता, दमटपणा, ऊन आणि वारा एकत्र धरून काढलेला आकडा) 32.1 अंशांच्या वर गेलं की कुठल्याही वेळी काम थांबवावं लागतं. ते मोजणारं यंत्र माणसं काम करतात त्या मचाणावर ठेव, साइट ऑफिसच्या सावलीत नको. आकडा चढला की कुणाची परवानगी मागत बसू नकोस, माणसं खाली उतरव.

तुझी,
आई