आबा, तुम्ही इसार परत मागितला नाहीत

आदरणीय आबा आणि यात्रा कमिटीतली सर्व मंडळी,

सा. न. वि. वि.

माझ्या वडिलांचं, अण्णांचं, तेरावं झालं, पाहुणेरावळे परतले, आता कुठे लिहायला बसता येतंय. फोनवर तुम्ही मला आभार मानूच दिले नाहीत. "ते राहू दे पोरी, आईकडं बघ," म्हणालात. म्हणून हे सगळ्यांसमोर लिहिते. तुम्ही काय केलंत ते आमच्या तमाशा कलावंतांनाही कळू दे आणि बाकीच्या गावांनाही.

पाडव्यापासून बुद्ध पौर्णिमेपर्यंत आमची सुगी. एक नाईट, म्हणजे एका रात्रीचा कार्यक्रम, संपली की रातोरात गाडी भरायची आणि दुसऱ्या गावची यात्रा गाठायची. पावसाळा याच कमाईवर काढायचा असतो. २०२० साली ऐन पाडव्याला, २५ मार्चला, लॉकडाऊन लागलं आणि हंगाम हातचा गेला; पुढच्या वर्षीही तीच गत. आगाऊ घेतलेली उचल फेडता फेडता लोक मेटाकुटीला आले. तेव्हापासून घेतलेली कार्यक्रमाची सुपारी सोडायला कुणी धजत नाही.

त्यात आमची शिकवणच अशी. विठाबाई नारायणगावकरांनी कनातीमागे बाळाला जन्म दिला आणि त्या पुन्हा बोर्डावर उभ्या राहिल्या, हे ऐकतच आम्ही वाढलो. घरी काहीही होवो, रसिकांना माघारी पाठवायचं नाही. पण त्याच गोष्टीत पुढे असंही सांगतात, की काय घडलं ते कळताच प्रेक्षकांनीच खेळ थांबवला आणि बाईंना विश्रांती घ्यायला लावली. ते प्रेक्षक मला आत्ता तुमच्या गावात भेटले.

अण्णा गेले त्या सकाळी तुम्हाला फोन लावला, तेव्हा "रात्री येतो आबा, फक्त थोडा उशीर होईल," असंच माझ्या तोंडून निघालं. तुम्ही पुढे बोलू दिलं नाहीत. "यात्रा देवाची आहे, ती होईल. तू येऊ नकोस."

तिथी पुढे ढकलता येत नाही, हे मला ठाऊक आहे. छबिना, म्हणजे देवाची पालखी, त्याच रात्री निघणार, दुसऱ्या दिवशी कुस्त्यांचा आखाडा. मंडप उभा, फ्लेक्स लागलेले, मुंबई-पुण्याची माणसं गावात उतरलेली. पैसा लोकवर्गणीचा, घरटी गोळा केलेला, आणि त्याचा हिशेब देवळात चारचौघांत द्यावा लागतो. तरी तुम्ही इसार, म्हणजे कार्यक्रम ठरवताना दिलेली आगाऊ रक्कम, परत मागितला नाहीत. उलट राख सावडायच्या दिवशी कमिटीतली दोन पोरं आमच्याकडे आली आणि ढोलकीवाल्याच्या हातात पाकीट ठेवून गेली. "पार्टीतल्यांच्या नाईटचे आहेत, ताईंना आत्ता सांगू नका." मला दहाव्याला कळलं. ढोलकीवाला, लाइटवाला, गाडीचा ड्रायव्हर, या सगळ्यांचं घर नाईटवर चालतं. दुःख माझ्या घरातलं होतं, पण हंगामात गाडी उभी राहिली की उपास त्यांना घडतो. तुम्ही तो घडू दिला नाहीत.

पुढच्या गावांना फोनही तुम्हीच केलेत. कमिटीवाल्याचा शब्द कमिटीवाला ऐकतो. मी एकटीनं सांगितलं असतं तर प्रत्येक ठिकाणी मला रडत रडत कारण द्यावं लागलं असतं.

आणि अण्णांचं नाव. जन्मभर ते माझ्या मागे उभं राहून झील धरत, म्हणजे माझ्या गाण्याची ओळ मागून उचलत, आले. प्रत्येक कार्यक्रमाआधी तुणतुण्याची खुंटी पिळताना त्यांचे ओठ घट्ट मिटायचे, तार सुरात आली की मगच माझ्याकडे बघून मान हलवायचे. फ्लेक्सवर त्यांचं नाव कधी आलं नाही, त्यांना ते नकोही होतं. त्या रात्री तुमच्या भजनी मंडळानं भारुडं सुरू करण्याआधी तुम्ही माइकवरून त्यांचं नाव घेतलंत आणि सगळा मंडप उठून उभा राहिला. गावातल्या एका मुलानं त्याचा व्हिडिओ पाठवला. आईनं तो परत परत लावायला सांगितला.

थांबलेले कार्यक्रम वैशाखात पुन्हा सुरू होतायत. झीलला आता धाकटा भाऊ उभा राहील. ज्या गावांच्या यात्रा होऊन गेल्या, त्यांना दिवाळीनंतरच्या तारखा देतोय. त्या सगळ्या मंडळींचेही मनापासून आभार.

पुढच्या चैत्रात आम्ही तुमच्याकडे येणारच. सुपारी द्यायला कुणाला पाठवू नका, इसार आमच्याकडे आहेच. आईलाही सोबत आणायचं आहे. तिला तुमच्या घरच्यांना भेटायचंय, तर छबिन्याच्या आदल्या दिवशी आलो तर चालेल का, तेवढं कळवा.

आपली नम्र,
तुमची ताई आणि पार्टीतले सगळे