सोरायसिस स्पर्शाने होत नाही

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

वेंगुर्ले तालुक्यातील आमच्या गावात माझी धाकटी जाऊ काजू फोडण्याच्या कामाला जाते. गेल्या वर्षी तिच्या कोपरांवर व गुडघ्यांवर लाल चट्टे उठले, त्यांवर चंदेरी खपल्या धरल्या आणि नखांवर अंगुस्तानावर असतात तसे बारीक खड्डे पडले. कामावरच्या बायकांनी तिचा पाण्याचा तांब्या वेगळा केला. कोणी माशांवर दूध प्यायल्याचे कारण सांगितले, कोणी नागदोष काढला, तर कोणी थेट महारोग म्हटले. दुकानातून नायट्यासाठी म्हणून मिळालेले मलम तिने चार महिने लावले. लावले की चट्टे फिके पडत आणि थांबवले की दुपटीने उठत, कारण त्यात तीव्र स्टिरॉइड होते, हे पुढे त्वचारोगतज्ज्ञांकडे गेल्यावर कळले. आजार सोरायसिसचा निघाला.

या आजाराचे मूळ आपल्याच रोगप्रतिकार यंत्रणेत असते. कातडीच्या तळाशी तयार झालेली पेशी वर येऊन झडून जायला एरवी साधारण महिना लागतो. सोरायसिसमध्ये या यंत्रणेतील टी पेशी (पांढऱ्या रक्तपेशींचा एक प्रकार) व त्यांच्या सोबतच्या पेशी इंटरल्युकिन-17, इंटरल्युकिन-23, टीएनएफ अशी दाह वाढवणारी द्रव्ये सोडत राहतात, त्यामुळे हाच प्रवास काही दिवसांत उरकतो आणि अपक्व पेशींचे थर साचून खपल्या धरतात. त्यात जंतू नसतो, त्यामुळे तांब्याने, टॉवेलने किंवा एका पंगतीत जेवल्याने हा आजार कोणालाही होत नाही.

आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे, मात्र संबंधित जनुके असलेल्या बहुतेकांना आजार होत नाही. त्याला निमित्त लागते. स्ट्रेप्टोकोकस जिवाणूचा घशातील संसर्ग, मानसिक आजारावरील लिथियम किंवा रक्तदाब व हृदयविकारासाठीची बीटा ब्लॉकर गटातील औषधे, दारू, धूम्रपान, मनावरचा ताण ही त्यांपैकी काही. कातडीला झालेली इजा हेही एक निमित्त आहे, आणि काजूपट्ट्यातील आम्हा लोकांसाठी मला तेच सर्वांत महत्त्वाचे वाटते. काजूच्या टरफलातील तेलाने जावेची बोटे जिथे भाजली होती, नेमके तिथेच नवे चट्टे आले होते. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला तो हाच, "इथे भाजलं होतं का?" जखमेच्या जागी चट्टे उठण्याच्या या प्रकाराला जर्मन त्वचारोगतज्ज्ञ कोबनर यांचे नाव आहे. आता ती हातमोजे घालून काम करते. आजार कायमचा जात नसला तरी मलमे, अतिनील किरणांचे उपचार, रोगप्रतिकार यंत्रणेला आवर घालणारे मेथोट्रेक्सेट हे औषध यांनी तो आटोक्यात राहतो. सांधे सुजू अथवा आखडू लागले तर मात्र विलंब करू नये, कारण हा आजार सांध्यांतही उतरतो.

सोरायसिस व कुष्ठरोग हे वेगळे आजार आहेत, हे व्हिएन्नाचे त्वचारोगतज्ज्ञ हेब्रा यांनी 1841 मध्ये स्पष्ट केले. माझी विनंती एवढीच आहे, की कुष्ठरोग शोध मोहिमेत घरोघरी जाणाऱ्या आशाताईंना सोरायसिस ओळखण्याचेही प्रशिक्षण द्यावे. कुष्ठरोगाच्या चट्ट्यावर संवेदना कमी झालेली असते, सोरायसिसच्या चट्ट्यावर ती शाबूत असते. जावेचे चट्टे तपासले गेले तेव्हा शेजारणी दारातच उभ्या होत्या. आशाताईंनी "हा कुष्ठरोग वाटत नाही" असे सांगितले आणि त्या पुढच्या घरी गेल्या. मग हा आहे तरी कोणता आजार आणि तो लागतो का, हे त्याच वेळी सर्वांसमोर सांगितले गेले असते, तर तिचा तांब्या आणखी पाच महिने वेगळा राहिला नसता.

आपली,
एक वाचक, ता. वेंगुर्ले, जि. सिंधुदुर्ग