शनिवारचं काम दिल्याबद्दल, मावशी

आदरणीय मावशी,

ख्रिस्तात सलाम.

हे पत्र असं उघड लिहितोय, कारण तोंडावर आभार मानायला गेलं की तुम्ही "चहा ठेवते" म्हणत उठून जाता. शिवाय आपल्या मंडळीतल्या चार जणांना तरी कळायला हवं की यंदा लेंटमध्ये, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासाच्या दिवसांत, मी पुन्हा बाकावर दिसू लागलो, तो कुठला संदेश ऐकून नव्हे. पाळकसाहेबांनी रागावू नये, संदेश चांगलेच होते. पण मला परत आणलं ते तुमच्या चहाच्या गाळणीनं.

कोरोनातला 2021 चा एप्रिल कसा होता हे नागपूरकराला सांगायला नको. त्या वर्षी ईस्टर 4 तारखेला होता. आम्ही उपासना मोबाईलवर पाहिली. पुढच्या दोन आठवड्यांच्या आत माझा धाकटा भाऊ गेला. खाट मिळेपर्यंत उशीर झाला होता. त्याला गुंडाळूनच दिलं. अंघोळ नाही, नवा शर्ट नाही, चेहरासुद्धा दिसला नाही. कब्रस्तानात मोजकी माणसं, गीत नाही, आणि पाळकसाहेबांनी मास्कच्या आडून केलेली प्रार्थना, तीही मला अर्धीच ऐकू आली. आई आजही म्हणते, "पोराला नीट पोचवलं नाही."

त्यानंतर माझं चर्चला जाणं सुटलं. देवावर राग होता म्हणावं तर तेही नाही. रागात निदान बोलणं तरी होतं. पुनरुत्थानाचं गीत सुरू झालं की माझा घसा बंद व्हायचा, एवढंच. घरी भेटायला येणारे "देवाची योजना" सांगून जायचे. एकानं बायबलमधलं, सगळं गमावलेल्या ईयोबाचं पुस्तक वाच म्हणून सुचवलं. त्याच पुस्तकात ईयोबाचे मित्र पहिले सात दिवस त्याच्यासोबत जमिनीवर गप्प बसून राहिले होते, हे त्या गृहस्थांच्या नजरेतून सुटलं असावं.

आणि मग यंदा राखेच्या बुधवारच्या, म्हणजे लेंट सुरू होतो त्या दिवसाच्या, आधी तुम्ही आलात. तब्येत विचारली नाही, चर्चला का येत नाहीस विचारलं नाही. दारातूनच म्हणालात, "जुने झावळीचे क्रूस असतील तं दे. राख करायची आहे."

ईस्टरच्या आदल्या, झावळ्यांच्या रविवारी मिळालेला क्रूस वर्षभर घरात ठेवायचा आणि पुढच्या लेंटच्या तोंडावर त्याचीच राख करून कपाळाला लावायची, ही रीत मला ठाऊक होती. पण आमच्या घरात नवा क्रूस आलाच नव्हता. बाबांच्या फोटोमागे एक सापडला, 2019 चा. भावानं दुमडलेला. त्याला नीट जमायचं नाही, एक हात लांब, एक आखूड. तुम्ही तो हातात घेतलात, उलटसुलट करून पाहिलात आणि विचारलंत, "देतो का ठेवतो?"

मी दिला. का दिला ते मला आजही सांगता यायचं नाही. पण तो दुसऱ्या कुणी जाळावा हे मला चाललं नसतं, म्हणून मीही तुमच्या मागोमाग आलो. तुमच्या अंगणात घमेल्यात तो बाकीच्या क्रूसांबरोबर टाकला. सुकलेली पात किती भरकन पेटते! एवढे सगळे क्रूस, आणि राख निघाली जेमतेम वाटीभर. ती तुम्ही गाळणीनं गाळलीत, बोटांनी दाबून, पावडर गाळावी तशी. मी पाण्याचा तांब्या पुढे केला तर हातावर चापट मारलीत. "पाणी नाही रे बावा, राखेत पाणी घातलं की कातडी पोळते. तेल आण." मिशनच्या दवाखान्यात जन्म काढलेली नर्स बोलत होती. मला भावानंतर पहिल्यांदा हसू आलं ते तिथे.

बुधवारी कपाळावर ती राख लागली. माणूस माती आहे आणि मातीलाच मिळणार, हे वाक्य कानावर पडलं. इतक्या वर्षांत चर्चमध्ये ऐकलेलं हे पहिलं वाक्य, जे मानायला मला काहीच जड गेलं नाही. विश्वास तिथून परत सुरू होत असेल असं मला कधी वाटलं नव्हतं.

मधले शुक्रवार सोडून देतो. आलो, बसलो, गेलो. ओठ हलवले नाहीत. तुम्ही मागच्या बाकावरून पाहत होतात, हे मला माहीत आहे.

झावळ्यांचं काम मात्र तुम्ही सरळ अंगावर टाकलंत. शहराबाहेरच्या नाल्याकाठून शिंदीच्या झावळ्या आणायच्या, बुडाचे काटे काढायचे, पाती बोटभर रुंदीच्या चिरायच्या आणि ओल्या पोत्यात गुंडाळून ठेवायच्या, कारण नागपूरच्या एप्रिलमध्ये उघडी पात दुपारपर्यंत कडकड मोडते. माझी मुलगी शेजारी बसून दुमडायला शिकली. तिच्या क्रूसाचा एक हात लांब आला. सरळ करायला मी हात पुढे केला, तर तुम्ही नुसतं "राहू दे" म्हणालात.

पण मला खरे आभार मानायचे आहेत ते शनिवारचे. उत्तम शुक्रवारी चर्च भरतं. बारा ते तीन, वधस्तंभावरचे सात उद्गार, पंखे फिरतात आणि तरी सगळे घामाघूम. रविवारी तर बसायला जागा मिळत नाही. मधल्या शनिवारी कुणी फिरकत नाही. 19 एप्रिलला दुपारी तुम्ही मला चर्च झाडायला बोलावलंत. कूलर बंद, वेदी उघडी, खिडक्या लावलेल्या. झाडून झाल्यावर तुम्ही पायरीवर बसलात आणि लूकच्या शुभवर्तमानाचं पान काढून माझ्याकडे दिलंत. येशूला घाईघाईत पुरलं, कारण शब्बाथ, म्हणजे विश्रांतीचा दिवस, सुरू होत होता. बायकांनी कबर पाहिली, घरी जाऊन सुगंधी द्रव्यं तयार केली आणि शब्बाथ म्हणून गप्प बसल्या. शनिवारबद्दल लूकनं एवढंच लिहिलंय.

मी लहानपणापासून हे वाचत आलो. पण त्यांनाही आपल्या माणसाला नीट पोचवता आलं नव्हतं, हे मला तोवर दिसलं नव्हतं. त्या रविवारी पहाटे निघाल्या, त्या आशा घेऊन नव्हे. कुणी उठलेला असेल अशी त्यांची कल्पनाही नव्हती. राहून गेलेलं काम पुरं करायला निघाल्या होत्या, आणि वाटेत एकमेकींना विचारत होत्या की दगड कोण लोटणार. देवदूत दिसला तो अशा कामाला निघालेल्या बायकांना. विश्वासात खंबीर म्हणून ज्यांचं नाव घ्यावं ते शिष्य तर दार लावून बसले होते.

तुम्ही मात्र यातलं काहीच बोलला नाहीत. तुम्ही बोललात ते हिस्लॉपबद्दल. भाऊ ज्या कॉलेजात शिकला ते ज्याच्या नावाचं, तो मिशनरी स्टीफन हिस्लॉप 1845 मध्ये नागपुरात आला, शाळा काढली आणि 1863 मध्ये पुराच्या पाण्यात बुडून गेला. कॉलेज निघालं 1883 मध्ये. "वीस वर्षांचा शनिवार झाला तो," तुम्ही म्हणालात. खरं सांगू? मला ते तेव्हा पटलं नाही, आजही पूर्ण पटत नाही. कॉलेज निघणं आणि माणूस उठणं यात फार अंतर आहे. मी तसं म्हणालो, तर तुम्ही वाद घातला नाहीत. "हो, अंतर आहेच," म्हणालात आणि केरसुणी जागेवर ठेवून आलात. दुसऱ्या कुणी मला तिथे पटवायचा प्रयत्न केला असता, तर मी रविवारी आलोच नसतो.

ईस्टरच्या रविवारी अंधार असतानाच कब्रस्तानात पोचलो. आईला घेऊन आलो होतो. तुम्ही दोन बादल्या पाणी आणि एक नवा पंचा आणला होतात. तुम्ही आणि आईनं मिळून कबर धुतली, वरपासून खालपर्यंत, कोपऱ्यातली काजळी नखानं काढत. पेशंटला अंग पुसून द्यावं तशा हातानं तुम्ही ते करत होतात, आणि आई तुमचं पाहून तसंच करत होती. मग झेंडू वाहिले, मेणबत्त्या लावल्या. मंडळीनं गीत सुरू केलं. मी पहिलं कडवं म्हणालो नाही. दुसऱ्याला आवाज लागला, बेसूर लागला.

सगळं सुटलं असं नाही. भाऊ का गेला, याचं उत्तर मला मिळालेलं नाही आणि ते कुणी देऊ केलं तर मला नकोय. पण तो उठेल, हे वाक्य मी आता म्हणू शकतो आणि म्हणताना इकडेतिकडे पाहत नाही. आईनं तर त्या दिवसापासून "नीट पोचवलं नाही" म्हणताना "पण" जोडायला सुरुवात केली आहे. त्या "पण"च्या पुढे ती अजून काही बोलत नाही.

तुम्ही आमच्या घरी आलात तेव्हा भिंतीला हात लावत आलात, तेही मी पाहिलं होतं. मोतीबिंदूच्या ऑपरेशनची तारीख मिळाली की आधी मला कळवा. न्यायला-आणायला मी येणार, रात्री माझी बायको तुमच्याकडे झोपायला येईल, आणि थेंब टाकायचं वेळापत्रक मुलीनं आत्ताच वहीत आखून ठेवलंय. ऑटोनं जाते वगैरे काही ऐकणार नाही.

तुमचाच,
मागच्या बाकावरून आता मधल्या बाकावर आलेला